शहर मांडण्याचा खेळ

आपल्या शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा तुमच्यापैकी किती जणांनी जवळून पाहिला आहे? पिवळा रंग म्हणजे राहण्याची जागा, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे मोकळी जागा. त्यावर बारीक रेघा, आरक्षणांचे क्रमांक, सर्व्हे नंबर. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे हा आराखडा मंजूर होण्याआधी प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. तरतूद चांगलीच आहे. पण हरकत घ्यायची तर नकाशा वाचता आला पाहिजे, अर्ज लिहिता आला पाहिजे आणि सुनावणीच्या दिवशी कामाचा खाडा करून साहेबांसमोर बोलता आले पाहिजे. अशा एका सुनावणीला मी जाऊन बसलो होतो. बोलले ते वकील, बिल्डर आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी. ज्यांच्या दारावरून नवा रस्ता जाणार होता त्या बायका मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तशाच परत गेल्या.

त्या बायकांना सांगण्यासारखे काही नव्हते असे कोण म्हणेल? पाणी कुठे तुंबते, रात्री कोणत्या बोळातून जायला भीती वाटते, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. फक्त ते सभेच्या भाषेत सांगता येत नाही.

ब्रिटनमधल्या टोनी गिब्सन यांनी १९७० च्या दशकात नेमक्या या अडचणीवर तोडगा काढला. त्याचे नाव ‘प्लॅनिंग फॉर रिअल’. १९७७ मध्ये ग्लासगो शहरातल्या डालमार्नॉक या कामगार वस्तीत तो वापरला गेला. पद्धत ऐकाल तर हसू येईल. वस्तीतल्या लोकांनी, त्यात शाळेतली मुलेही आली, आपल्या वस्तीची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची. आपली मुले दिवाळीत किल्ला करतात ना, तसेच. फरक एवढाच की इथे शिवाजी महाराजांच्या जागी आपले घर आणि तटाच्या जागी आपली गल्ली. प्रतिकृतीचे तुकडे सुटे आणि हलके असतात, म्हणजे ती उचलून शाळेच्या फाटकाशी, बाजारात, लोक असतील तिथे नेता येते. शेजारी चिठ्ठ्यांचा ढीग ठेवलेला असतो. एकेका चिठ्ठीवर एकेक सूचना: इथे दिवा हवा, इथे झाड, इथे पाळणाघर, इथे गाड्यांचा वेग कमी करा. काही चिठ्ठ्या कोऱ्या असतात. ज्याला जे हवे ते त्याने उचलून त्या जागी ठेवायचे.

खरी गंमत नियमांत आहे. चिठ्ठी ठेवताना भाषण करायचे नाही. चिठ्ठीवर नाव नसते, त्यामुळे ती नगरसेवकाच्या भावाची की धुणेभांडी करणाऱ्या बाईची हे कळत नाही. दुसऱ्याची चिठ्ठी काढून टाकता येत नाही. पटली नाही तर ‘असहमत’ अशी खूण तिच्याजवळ ठेवायची. अधिकारी आणि तज्ज्ञ तिथे हजर असतात, छातीवर बिल्ला लावून, पण विचारल्याशिवाय त्यांनी बोलायचे नाही. (आपल्याकडच्या काही साहेबांना एवढी एक अट पाळणेही जड जाईल.) मग सगळ्या चिठ्ठ्या दुसऱ्या टेबलावर नेऊन त्यांची वाटणी करायची: हे आत्ता, हे लवकरच, हे पुढे कधीतरी. आणि हे आपण स्वतः करू शकतो, हे पालिकेच्या मदतीने, हे पालिकेनेच करायचे. वाटणी करताना बोलावेच लागते. पण तोवर बुजऱ्या माणसाची सूचनाही टेबलावर आलेली असते आणि वाद माणसांवरून न होता चिठ्ठ्यांवरून होतो.

पुढे संगणक आला. १९८९ मध्ये निघालेला ‘सिमसिटी’ हा खेळ अनेकांच्या मुलांनी खेळला असेल. रस्ते टाका, कर लावा, वीजकेंद्र बांधा. खेळ छान आहे, पण त्यात एकटा खेळाडू सर्वसत्ताधीश असतो आणि नागरिकांना हाताने काही मांडता येत नाही. नागरिकांच्या सहभागाच्या दृष्टीने मला तो पुठ्ठ्याच्या मागेच वाटतो.

‘माईनक्राफ्ट’ या ठोकळ्यांच्या खेळाचे तसे नाही. त्यात अनेक जण एकाच जागेवर मिळून बांधू शकतात. स्वीडनमध्ये जुन्या घरवसाहतींच्या सुधारणेसाठी तो वापरून पाहिला होता. ते पाहून २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटाट या संस्थेने खेळाच्या कंपनीशी हातमिळवणी केली आणि ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू झाला. सुरुवातीचे काम नैरोबीतल्या किबेरा या झोपडवस्तीतल्या मैदानाचे होते. आधी सगळ्यांनी जागेवर फिरून यायचे, मग एकेका संगणकाभोवती तीन-चार जणांनी बसून ती जागा हवी तशी बांधायची, शेवटी आपले काम अधिकाऱ्यांना दाखवायचे. हैतीतल्या ले काय या बंदराच्या शहरात अशा गटात लिहिता-वाचता न येणारे कोळी होते. त्यांनी समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून भिंत बांधून दाखवली. लेखी हरकत मागवली असती तर यातले काय हाती आले असते?

आपल्याकडेही याची गरज आहे. मुंबईच्या आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात जागेवर असलेल्या इमारती आणि रस्ते चुकीचे दाखवल्याच्या तक्रारी आल्या. हजारो हरकती आल्या, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द केला आणि नवा आराखडा मंजूर व्हायला २०१८ साल उजाडले. अशा चुका त्या त्या वॉर्डातल्या रहिवाशांनी प्रतिकृतीवर अर्ध्या तासात दाखवल्या असत्या.

तरी खेळाचे कौतुक किती करायचे यालाही मर्यादा आहे. शेरी आर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या सर्वांत खालच्या पायरीवर लोकांना नुसते झुलवले जाते. सल्ला विचारणे मधे कुठेतरी येते आणि निर्णयाचा अधिकार वरच्या पायऱ्यांवर. लोकांना दिवसभर ठोकळे मांडायला लावून रस्ता ठरलेल्या जागीच नेला तर ती भातुकली झाली, आणि लोक दुसऱ्यांदा येत नाहीत. म्हणून खेळायला बसण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: पैसे किती आहेत, कोणत्या गोष्टी आधीच ठरल्या आहेत, आणि चिठ्ठ्या शेवटी कोणाच्या टेबलावर जाणार.

पुण्यात २००६ मध्ये महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. तिथे या तिन्ही प्रश्नांना निदान उत्तर देण्याची सोय आहे. अर्ज मात्र ज्याने त्याने एकट्याने भरायचा. त्याआधी प्रभागातल्या शाळेत एक प्रतिकृती मांडली तर? ती करायला दहा-बारा मुले आणि चार रविवार पुरतील. नकाशा तेवढा पालिकेने द्यावा, आणि तो मोठ्या आकाराचा असावा, कारण नेहमीच्या नकाशावर आपली गल्ली दिसतसुद्धा नाही.