हेडफोन घेताना आवाज पाहाल की आराम?
दिल्ली मेट्रोने रोज नोएडा-गुरुग्राम गाठणाऱ्या संगीतप्रेमींनी हेडफोन घेताना आवाजाइतकाच आरामही पाहावा.

सेनहायझरचा एचडी ६०० मागून उघडा, वजन २६० ग्रॅम. मखमली गाद्यांमुळे कान फारसे तापत नाहीत, सूर मोकळे वाटतात. पण बाहेरचा गोंगाट थेट आत येतो, तुमचं गाणं शेजाऱ्यालाही ऐकू जातं. शिवाय ३०० ओहममुळे मोबाइलवर आवाज कमी पडतो.

ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स बंद, ३८ ओहमचा. मोबाइलवर सहज चालतो, गोंगाट बराच अडवतो. मात्र उन्हाळ्यात कान घामेजतात.

म्हणून घरी उघडा, प्रवासात बंद. आवाज मात्र वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही.