देवडीवरचे धरणे : शांता आपटे आणि 'प्रभात'

'कुंकू' पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला नीरा कोण हे सांगणे म्हणजे त्याचा उपमर्दच होय. तेव्हा १९३७ सालच्या त्या चित्रपटाची, त्यातील केशवराव दात्यांच्या काकासाहेबांची, किंवा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या मूळ कादंबरीची हकीकत येथे पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही. मला कित्येक वर्षे झपाटून राहिली आहे ती नीरेची भूमिका करणारी शांता आपटे, आणि तीही पडद्यावरची नव्हे, तर १९३९ च्या जुलै महिन्यात पुण्यात 'प्रभात' फिल्म कंपनीच्या देवडीवर अन्न वर्ज्य करून बसलेली.

सोलापूर जिल्ह्यातील दुधनी हे शांताबाईंचे जन्मगाव आणि १९१६ हे सामान्यतः दिले जाणारे जन्मसाल. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मधून (१९३२) त्या पडद्यावर आल्या. 'अमृतमंथन' (१९३४) आणि 'अमरज्योती' (१९३६) यांनी त्यांना 'प्रभात'च्या मानकऱ्यांत नेऊन बसविले. गाताना नटीने पुतळ्यासारखे उभे राहावे असा शिरस्ता असताना शांताबाईंचे डोळे, मान आणि हात गाण्याबरोबर बोलू लागत. 'कुंकू'मध्ये तर केशवराव भोळ्यांनी पार्श्वसंगीताला पूर्ण फाटा दिला होता, आणि त्या उघड्या शांततेत शांताबाईंनी लाँगफेलोची इंग्रजी कविताही गाऊन दाखविली.

अशा ऐन कीर्तीच्या काळात कापलेल्या पगारावरून आणि करारावरून कंपनीशी त्यांचा वाद विकोपाला गेला, आणि अर्जविनंत्यांची वाट सोडून त्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. ज्या प्रेक्षकांनी नीरेच्या बंडखोरीला टाळ्या दिल्या, त्यांच्यातीलच अनेकांनी या बंडाला नटीचा थयथयाट ठरविले. पुढे एका नामांकित संपादकाला त्यांनी छडीने झोडपल्याची आख्यायिका या प्रकरणाला चिकटली आणि 'तापट बाई' एवढाच शेरा इतिहासाच्या दप्तरात कायम झाला. हा शेरा मला मान्य नाही.

१९३९ च्याच मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले असल्यामुळे शांताबाईंच्या कृत्याकडे त्याची नक्कल म्हणून पाहणे सोपे होते. मला मात्र त्यात पेशवाईतील धरण्याची परंपरा दिसते. थकलेल्या ऐवजासाठी धनकोने ऋणकोच्या दारात उपाशी बसावे, आणि तो उठेपर्यंत घरातल्यांनाही घास गोड लागू नये, हा वसुलीचा रिवाज इतका जालीम होता की १८६० च्या दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमात, दैवी कोपाचे भय घालून धरणे धरणे हे शिक्षापात्र कृत्याचे उदाहरण म्हणून नोंदविले गेले. उपोषण करणारा प्रतिपक्षाच्या हृदयपरिवर्तनाची आशा धरतो. धरणे धरणारा हिशेब मागतो. शांताबाईंना मालकांचे हृदय नको होते, आपला मुशाहिरा हवा होता.

याची साक्ष १९४० साली निघालेल्या त्यांच्या 'जाऊ मी सिनेमांत?' या पुस्तकात मिळते. नटीचे आत्मचरित्र समजून जो ते उघडील त्याची घोर निराशा होईल, कारण तेथे ना बालपणाच्या आठवणी आहेत, ना स्टुडिओतील भानगडींची चव. चित्रव्यवसायात येऊ पाहणाऱ्यांपुढे त्यांनी मांडला आहे तो भांडवलवाल्यांचा नफा आणि काम करणाऱ्यांची झिजणारी शरीरे यांच्यातील व्यवहार. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' आणि दुर्गाबाई खोट्यांचे 'मी दुर्गा खोटे' यांचे आपण कौतुक केले, ते योग्यच. पण नटीने आपले दुःख सांगितले तर ऐकणारा हा समाज, तिने आपल्या धंद्याचे विश्लेषण केले की कान झाकून घेतो, असे मला या पुस्तकाच्या उपेक्षेवरून वाटते.

'प्रभात' सुटल्यावर शांताबाई मुक्त संचार करू लागल्या. १९४१ च्या तमिळ 'सावित्री'साठी त्या तमिळ शिकल्या, त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या. पुढच्या वर्षी लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार', नंतर मास्टर विनायकांचा 'सुभद्रा' (१९४६), पु. ल. देशपांड्यांबरोबर 'भाग्यरेखा' (१९४८). २४ फेब्रुवारी १९६४ रोजी त्या निवर्तल्या. या सगळ्यात दुसरा 'कुंकू' झाला नाही, हे कबूल केले पाहिजे: ज्या बंदिस्त व्यवस्थेशी त्या भांडल्या, तिनेच दिग्दर्शक व्ही. शांताराम, भोळे आणि दाते यांना एका छपराखाली ठेवले होते.

नेरूळहून हार्बरच्या गाडीने अंधेरी-गोरेगावकडे निवडचाचण्यांना जाणारी मुले-मुली मला रोज भेटतात. कंपनी सोडत नाही ही शांताबाईंची तक्रार. या मुलांची तक्रार अशी की कोणी धरूनच ठेवत नाही. काम रोजावर, आणि पैसे थकले की निर्माता वाहिनीकडे व वाहिनी निर्मात्याकडे बोट दाखविते. 'जाऊ मी सिनेमांत?' हा शांताबाईंनी विचारलेला प्रश्न त्यामुळे जुना होत नाही, फक्त त्याच्या उत्तरासाठी आता आणखी एक अट घालावी लागेल: जायचे तर जा, पण आपला ऋणको कोण हे करारनाम्यात नावानिशी लिहून घेतल्यावाचून सही करू नका.