बारा-बारा माणसांचं कोलोन

फोटोतला माणूस टक्कल पडलेला, गोलमटोल, अंगात गुडघ्यापर्यंत लांब पांढरा कोट. एका हाताने भांडं पक्कं धरलेलं, दुसऱ्या हातात डाव. ढवळता ढवळता क्षणभर थांबून तो थेट आपल्याकडे बघतो आहे. त्या बघण्यात हसू नाही, संकोच नाही आणि घाईही नाही. आपलं काम आपल्याला येतं, एवढंच तो सांगतो. आउगुस्ट झांडरने 1928 साली टिपलेला हा केक-पेस्ट्री करणारा कारागीर आज जगभरच्या संग्रहालयांत, पोस्टकार्डांवर आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दिसतो. जर्मन खाण्याबद्दल कितीही लिहिलं गेलं असलं, तरी ते खाणं करणाऱ्या माणसाचं याहून चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही.

गेली अनेक वर्षं हा झांडर माझ्या डोक्यात ठाण मांडून आहे. सुरुवात या पेस्ट्रीवाल्यापासूनच झाली. मग विटांची चळत खांद्यावर पेलणारा मजूर भेटला, नाचायला निघालेले तीन तरुण शेतकरी भेटले, रेडिओ केंद्रावरची सिगारेट ओढणारी सेक्रेटरी भेटली. प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे भारून टाकणारं आहे आणि नेमकी तिथेच गडबड आहे. झांडरने ही चित्रं सुटी बघण्यासाठी काढलीच नव्हती.

त्याचं चरित्र थोडक्यात उरकतो. जन्म 1876, हेरडोर्फ गावी. वडील खाणीत सुतारकाम करत, पोरगाही खाणीवर लागला आणि तिथे फोटो काढायला आलेल्या एका छायाचित्रकाराला मदत करता करता कॅमेऱ्याच्या नादी लागला. ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये स्टुडिओ चालवून 1910 साली तो कोलोनच्या लिंडेनटाल भागात आला. शहरात गिऱ्हाईक पुरेसं नव्हतं, म्हणून तो वेस्टरवाल्डच्या डोंगराळ खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांचे फोटो काढू लागला. पोटासाठी केलेल्या त्या फेऱ्यांतून त्याला आयुष्याचा विषय सापडला.

विषय असा: एका समाजाचं संपूर्ण चित्र काढायचं, आणि तेही माणसांच्या चेहऱ्यांतून. नाव ‘विसाव्या शतकातली माणसं’. एकूण सात गट: शेतकरी, कारागीर, स्त्री, वर्ग आणि व्यवसाय, कलावंत, महानगर आणि सगळ्यांत शेवटी ‘अखेरची माणसं’, म्हणजे म्हातारे, आजारी, अंध, मृत. या गटांचे पंचेचाळीस संच आणि एका संचात साधारण बारा चित्रं. चित्रकार फ्रान्झ विल्हेल्म झायवर्ट आणि कोलोनमधल्या त्याच्या डाव्या विचारांच्या मित्रमंडळींच्या सहवासात झांडरची दृष्टी धारदार झाली. हाताने सफाई केलेले, धूसर, ‘कलात्मक’ प्रिंट त्याने सोडून दिले आणि तांत्रिक कामासाठी वापरतात तसल्या गुळगुळीत, चकचकीत कागदावर तो चित्रं छापू लागला. सुरकुती सुरकुतीसारखी दिसावी आणि बटण बटणासारखं, एवढाच त्याचा आग्रह. 1927 मध्ये कोलोनच्या कलासंघात प्रदर्शन झालं, 1929 मध्ये साठ चित्रांचं ‘अँटलित्स देर त्साइट’, म्हणजे ‘काळाचा चेहरा’, हे पुस्तक निघालं. प्रस्तावना कादंबरीकार आल्फ्रेड ड्योब्लिनची होती.

आता जेवणाकडे वळतो, कारण कोलोनमध्ये झांडर बघायचा तर आधी किंवा नंतर ब्राउहाउसमध्ये बसणं मला आवश्यक वाटतं. ब्राउहाउस म्हणजे स्वतःची बिअर गाळणाऱ्यांची जुनी खानावळ. फ्रीझेनश्ट्रासवरचं ‘पेफगेन’ 1883 पासूनचं, कॅथेड्रलच्या सावलीतलं ‘फ्र्यू’ 1904 चं. लांबच लांब लाकडी टेबलं, आणि जागा मिळेल तिथे अनोळखी माणसाशेजारी बसायचं. निळ्या पोशाखातला वाढपी, त्याला तिथे ‘क्योबेस’ म्हणतात, न विचारता दोनशे मिलिलिटरचा उभट ग्लास समोर ठेवतो. तो रिकामा झाला की दुसरा ठेवतो आणि बिअरच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारतो. पुरे झालं असेल तर पुठ्ठा ग्लासावर ठेवायचा, नाहीतर रेघा वाढत राहतात. ही बिअर म्हणजे क्योल्श. 1986 मध्ये चोवीस ब्रुअरींनी करार करून तिचे नियम ठरवले आणि 1997 पासून युरोपीय संघाचं संरक्षण मिळाल्यामुळे कोलोन परिसराबाहेर बनलेल्या बिअरला हे नाव लावता येत नाही.

ताटात येतं ते सगळं कष्टकऱ्यांचं खाणं. ‘हिमेल उन एड’ म्हणजे कुस्करलेला बटाटा आणि शिजवलेलं सफरचंद, वर तळलेला कांदा आणि ‘फ्ल्योन्त्स’, म्हणजे डुकराच्या रक्ताचं सॉसेज. आंबटगोड, खमंग आणि जड. डुकराचा खारवून उकडलेला पाय ‘हेम्शेन’, सोबत आंबवलेली कोबी. ऱ्हाइनकाठचं झाउअरब्राटेन कित्येक दिवस व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मांसाचं असतं. त्याच्या रश्श्यात मनुका घालतात, आणि पूर्वी त्यासाठी घोड्याचं मांस वापरत. मांस न खाणाऱ्यांसाठी किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत ‘रीफकोखे’ आणि सफरचंदाचा गर, मात्र त्यात अंडं असतं. या जेवणात काहीही वाया गेलेलं नाही. जनावराचं रक्त, खूर, शिळा पाव, हिवाळ्यासाठी तळघरात साठवलेला बटाटा, सगळ्याला चव आणलेली आहे. वेस्टरवाल्डचा शेतकरी, खाटीक, बिअर गाळणारा आणि शेजारी बसून खाणारा कारकून हे सगळे झांडरच्या संचांतले लोक एका टेबलावर एकत्र येतात. ब्राउहाउसमधून उठून मेडियापार्कमधल्या ‘एसके श्टिफ्टुंग कुल्टूर’ या प्रतिष्ठानाच्या छायाचित्र संग्रहापर्यंत चालत जाता येतं. 1992 मध्ये झांडरचा संग्रह विकत घेऊन या दालनाचा पाया घातला गेला. तिथे दहा हजारांहून अधिक निगेटिव्ह आहेत.

या संग्रहात मला सगळ्यांत जास्त खिळवून ठेवलं ते एरिखने. एरिख हा झांडरचा थोरला मुलगा, जन्म 1903. आधी कम्युनिस्ट, मग समाजवादी कामगार पक्षाचा कार्यकर्ता. नाझी सत्तेवर आल्यावर पक्ष भूमिगत झाला, एरिख काम करत राहिला. 1934 मध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. 1936 मध्ये ‘काळाचा चेहरा’च्या छपाईच्या प्लेटी नष्ट करण्यात आल्या, उरलेल्या प्रती जप्त झाल्या. ज्या राजवटीला एकच आदर्श जर्मन चेहरा हवा होता, तिला मजूर, बेकार, भटके, क्रांतिकारक अशा साठ वेगवेगळ्या चेहऱ्यांचं पुस्तक कसं सोसणार!

झीगबुर्गच्या तुरुंगात एरिखला छायाचित्रकाराचं काम मिळालं. बापाकडून शिकलेली विद्या तिथे कामी आली. त्याने सोबतच्या राजकीय कैद्यांची चित्रं काढली आणि ती चोरून बाहेर पोहोचवली. कैद्यांच्या कपड्यांतली ती माणसं तुरुंगाच्या नोंदवहीतल्या फोटोंसारखी दिसत नाहीत. ती झांडरच्या शेतकऱ्यांसारखी बसली आहेत, ताठ, स्वतःच्या पूर्ण वजनानिशी. एका चित्रात खुद्द एरिख टेबलाशी बसलेला आहे. शिक्षा संपायला काही महिने उरले असताना, मार्च 1944 मध्ये, अपेंडिक्सच्या दुखण्यावर वेळेत उपचार न झाल्यामुळे तो तुरुंगातच गेला.

याच संग्रहातली आणखी काही चित्रं 1938 च्या सुमाराची आहेत. त्या वर्षी जुलैमध्ये ज्यूंना वेगळं ओळखपत्र सक्तीचं करणारा हुकूम निघाला. त्यावरच्या फोटोत डावा कान दिसलाच पाहिजे अशी अट होती, कारण कानावरून वंश ओळखता येतो असं तेव्हाचं ‘शास्त्र’ सांगत होतं. ऑक्टोबरमध्ये ज्यूंच्या पासपोर्टांवर ‘जे’चा शिक्का बसला. कोलोनमधले ज्यू फोटोसाठी झांडरकडे आले. देश सोडून जायचं तर कागद हवेत, आणि कागदांना फोटो हवा. म्हणजे हे काम साधं, गिऱ्हाइकी, दुकानदारीतलं. पण झांडरने त्यांना जो उजेड दिला आणि खुर्चीत बसायला जो वेळ दिला, तो शहरातल्या कुठल्याही वकिलाला किंवा कारखानदाराला दिला असता तोच. युद्धानंतर त्याने हे फोटो ‘छळ झालेले’ या नव्या संचात घेतले, आणि एरिखने काढलेल्या राजकीय कैद्यांनाही त्यालगत जागा दिली. हे संच कुठल्या गटात घातले? ‘महानगर’ या गटात. सर्कशीतले कलाकार, रस्त्यावरचे लोक, घरकाम करणाऱ्या बाया जिथे आहेत, तिथेच. आणि नाझी गणवेशातली माणसंसुद्धा बाहेर काढली नाहीत. त्यांचा संच ‘वर्ग आणि व्यवसाय’ या गटात, सैनिकांच्या शेजारी आहे. 2018 मध्ये पॅरिसच्या शोआह (ज्यू नरसंहार) स्मारक संग्रहालयाने छळणारे आणि छळलेले असे दोन्ही संच एकत्र मांडले होते.

झांडरवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो मला मान्य आहे. चेहऱ्यावरून माणसाचा वर्ग, धंदा, स्वभाव वाचता येतो, ही त्या काळाची समजूत त्याचीही होती. 1931 मध्ये रेडिओवर दिलेल्या सहा भाषणांतही ती डोकावते. याच समजुतीला विष चढलं की कान मोजले जातात. प्रत्यक्षातही त्याचं वर्गीकरण ठिसूळ होतं. नाचायला निघालेले ते प्रसिद्ध तीन ‘तरुण शेतकरी’ 1914 साली खाणीच्या नोकरीत होते, हे फोटोला शंभर वर्षं होत असताना जर्मन संशोधनातून पुढे आलं. पण म्हणूनच 1938 चे पासपोर्ट फोटो निर्णायक ठरतात. सरकारला त्या चेहऱ्यांत एक ‘प्रकार’ दाखवून हवा होता. झांडरच्या चित्रांत दिसतात ती कोलोनची माणसं: थकलेली, सावध, नीट कपडे केलेली. इथे त्याच्या नजरेने त्याच्याच सिद्धांतावर मात केली.

युद्धाच्या शेवटी तो निवडक निगेटिव्ह घेऊन वेस्टरवाल्डमधल्या कूखहाउझेन या खेड्यात गेला. शहरातला स्टुडिओ बॉम्बहल्ल्यात गेला, तळघरातला साठा मात्र वाचला होता. 1946 मध्ये त्या तळघराला आग लागली आणि पंचवीस-तीस हजार निगेटिव्ह जळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस, कडाक्याच्या थंडीत, कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांनी प्रवचनात सांगितलं, की जीव जगवायला लागेल तेवढं अन्न किंवा कोळसा दुसरा मार्ग नसेल तर उचलला, तर ते पाप धरू नये. ज्या शहराच्या खानावळींत आज हेम्शेनची थाळी समोरून हलत नाही, त्या शहराने बटाट्यासाठी तरसत काढलेला तो हिवाळा. झांडरचा पेस्ट्रीवाला बघताना मला तो आठवतो. 1928 चं ते भरलेलं भांडं दोन महायुद्धांनी आणलेल्या भुकेच्या दोन काळांच्या मधलं आहे.

म्हाताऱ्या झांडरला जगाने पुन्हा शोधलं. 1951 मध्ये फोटोकिना प्रदर्शनात त्याची चित्रं लागली, 1953 मध्ये त्याने जुन्या कोलोनची चित्रं शहराला विकली, मग छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने त्याचं काम ‘द फॅमिली ऑफ मॅन’साठी घेतलं. 68 देशांतली 503 छायाचित्रं असलेलं हे प्रदर्शन 1956 मध्ये मुंबईतही आलं होतं. जन्म, प्रेम, श्रम, मृत्यू सगळीकडे सारखेच, असं ते सांगत होतं. मला हा झांडरवरचा अन्याय वाटतो. माणूस सगळीकडे सारखा आहे, असं त्याने कुठेच म्हटलेलं नाही. माणूस कुठे उभा आहे, कोणाच्या शेजारी, कोणत्या कामाला हात लावून, हा त्याचा प्रश्न. संचातून सोडवलं की चित्र सुंदर राहतं, प्रश्न नाहीसा होतो. 2022 मध्ये त्याच्या पणतूने दहा हजारांहून अधिक चित्रं एनएफटीच्या, म्हणजे डिजिटल मालकीच्या नोंदींच्या रूपात सुटी सुटी वाटायला काढली, प्रतिष्ठानाने 2034 पर्यंतच्या आपल्या हक्काकडे बोट दाखवत हरकत घेतली आणि ती बाजारातून उतरवली गेली. त्या वादाची चर्चा हक्कांभोवतीच फिरली. चित्रं सुटी झाली की काय मरतं, हे बोलायला हवं होतं.

झांडर 1964 मध्ये वारला. त्याच्या हयातीत संपूर्ण संच कधी छापून निघाले नाहीत. 2002 मध्ये सात खंडांत 619 चित्रं आली, तेव्हा कुठे आराखडा डोळ्यांसमोर उभा राहिला. शेवटच्या गटात, ‘अखेरची माणसं’मध्ये, एक मुखवटा आहे: एरिखच्या मृत चेहऱ्यावरून घेतलेला. बापाने मुलासाठी वेगळं स्मारक उभारलं नाही, त्याला शतकाच्या माणसांत त्याच्या जागी ठेवलं. हे बघून आल्यावर पेस्ट्रीवाला पूर्वीसारखा दिसत नाही. तो खानावळींच्या शहराचा लाडका शुभंकर उरत नाही. पुढल्या काही वर्षांत जिथल्या त्याच्या शेजाऱ्यांना पासपोर्टसाठी फोटो काढावे लागले, त्या शहराचा तो नागरिक होतो.

म्हणून प्रदर्शनं भरवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. झांडरची गाजलेली वीस चित्रं ओळीने लावू नका. कमी लावा, पण संच पुरा लावा. कारागिरांची बारा चित्रं लावलीत, तर छळ झालेल्यांचा संचही त्याच दालनात लावा. अख्ख्या समाजाचं चित्र काढण्याचं धाडस एका खाणकामगाराच्या मुलाने केलं होतं. निवडक देखणी माणसं उचलून ते धाडस आपण लहान करू नये.