खारे पाणी आणि बुडबुडा

आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखात गुऱ्हाळ न पाहिलेला माणूस विरळाच. काहिलीत रस तापू लागला की त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. मळ फेसाबरोबर वर येतो आणि गुळव्या तो काढून टाकतो. खाणीच्या धंद्यात हीच रीत उलटी चालते. तेथे टाकाऊ ते खाली राहते आणि हवे ते फेसावर येते. ह्याला फेनप्लवन म्हणतात.

आपल्या काळ्या फत्तरात तांब्याची खाण नाही. परंतु गोंदियाच्या शेजारी, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपरची मोठी खाण आहे. अशा खाणीच्या शंभर किलो दगडात तांबे असते जेमतेम एक किलो. म्हणून दगड पिठासारखा दळून पाण्यात कालवतात आणि त्यात झँथेटसारखे रसायन घालतात. ते तांब्याच्या कणावर बसले की त्या कणाला पाणी नकोसे होते. मग हवा सोडली म्हणजे तो कण बुडबुड्याला बिलगून वर येतो. वाळू पाण्यातच राहते.

तेव्हा सारी मदार बुडबुड्यावर. एका मोठ्या बुडबुड्यातील हवेचे निम्म्या व्यासाचे आठ बुडबुडे केले, तर कणांना बसावयास जागा दुप्पट होते. पण बारीक बुडबुडे एकमेकांना भेटले की एक होऊ पाहतात. येथे मीठ आड येते.

ह्याची परीक्षा घरीही घेता येते. साबणाचा अंश नसलेल्या दोन बाटल्यांत पाणी अर्धे भरावे; एकीत लिटरला दोन मोठे चमचे ह्या प्रमाणात मीठ विरघळवावे आणि दोन्ही जोराने हलवाव्यात. गोड्या पाण्यातले बुडबुडे मोठे होऊन चटकन निघून जातात. खारे पाणी बारीक बुडबुड्यांनी दुधाळ होते व निवळावयास अधिक वेळ घेते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरचे पाणी आणि कोकणातील फुटती लाट ह्यांत हाच फरक आहे.

मीठ म्हणजे साबण नव्हे. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो; मीठ तो किंचित वाढवते. दोन बुडबुड्यांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो निथळून फाटला की बुडबुडे एक होतात. लिटरमागे साधारण पाच ते दहा ग्रॅम मीठ झाले की हे एक होणे रोखले जाते. गंमत अशी की सर्वच क्षार असे करीत नाहीत. क्रेग, निनहॅम व पॅशली ह्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखविले की हे क्षारातील आयनांच्या जोडीवर अवलंबून असते. कारणाविषयी मात्र पंडितांत अद्याप एकमत नाही.

मीठ दुसरेही काम करते. कण आणि बुडबुडा दोघांवर बहुधा ऋण विद्युत्‌भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर सारतात. क्षारांमुळे हा दुरावा कमी होतो. दगडी कोळसा तर मुळातच पाण्याशी फटकून वागणारा. तो नुसत्या खाऱ्या पाण्यातही तरंगवता येतो.

पण मिठाला दुसरी बाजू आहे. तांब्याबरोबरचा लोहमाक्षिक खाली ठेवण्यासाठी चुना घालतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम असते. चुना वाढला की त्याचा चिकट साका होऊन कणांवर बसतो व हवा तो मालही बुडतो. चिलीच्या वाळवंटातील सेंटिनेला खाणीत समुद्राचे पाणी गोडे न करताच वापरतात. तेथे चुन्याचे प्रमाण फार जपावे लागते.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांला ह्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवले की त्यातील क्षार वाढत जातात आणि फेसाची चाल बदलते. उतारा घटला तर पहिले बोट टाकीवरच्या माणसाकडे जाते. पाणी तपासण्याची आठवण नंतर होते. ज्या कामगाराला बुडबुड्याचे शास्त्र ठाऊक आहे, तो मान खाली न घालता म्हणेल, "साहेब, आधी पाणी तपासा."

आणि जत, आटपाडी, माणच्या लोकांना हेही सांगावयास नको की गोड्या पाण्याचे मोल काय असते. खाणीचे काम खाऱ्या पाण्यावर भागले, तर तेवढे गोडे पाणी माणसांच्या घागरीत राहील.