मोठा कंडेन्सर टाकला की बास वाढतो?

बोदवडला हरिनाम सप्ताह बसला की मंडपाच्या कडेला माइकवाल्याचं टेबल लागतं. बुवांचा माइक, पेटीचा माइक, पखवाजाचा माइक. सगळे एकाच अँप्लिफायरमध्ये जायचे तर मिक्सर लागतोच. हाताने सोल्डर केलेल्या साध्या मिक्सरमध्ये मोजून दहा-पंधरा भाग असतात, पण त्यांच्याविषयी ऐकीव गोष्टी भरपूर.

सगळ्यात पक्की गोष्ट म्हणजे, ‘भाऊ, मोठा कंडेन्सर टाक, बास वाढीन.’ हा समज उगीच पडलेला नाही. सिग्नलच्या वाटेवरचा कंडेन्सर डीसी अडवतो आणि आवाज पुढे सोडतो. त्याच्यापुढे 10 किलोओहमचा रेझिस्टन्स असेल आणि कंडेन्सर 0.1 मायक्रोफॅरडचा असेल, तर साधारण 160 हर्ट्झच्या खालचा आवाज दबत जातो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या धुमेचा घुमारा नेमका तिथंच असतो. 1 मायक्रोफॅरड टाकला की ही हद्द 16 हर्ट्झवर येते आणि पखवाज भरून वाजू लागतो. ऐकणारा म्हणतो, बास वाढला. खरं तर आधी अडलेला बास मोकळा झाला. आता 10 मायक्रोफॅरड टाकून पाहा, कानाला काहीच फरक कळणार नाही. माणसाला ऐकूच येतं ते 20 हर्ट्झच्या आसपासपासून.

तोच 1 मायक्रोफॅरड मिक्सरमधल्या सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या 10 किलोओहमच्या फीडबॅक रेझिस्टन्सवर आडवा लावला, तर जवळजवळ सगळा आवाज गडप होईल. तिथं 100 पिकोफॅरडसारखा बारका कंडेन्सर लागतो, आयसीने शिट्टी मारू नये म्हणून. भाग कुठं बसलाय, हे आधी बघायचं ते यासाठी.

‘रेझिस्टन्स आवाज खातात, वायरी सरळ पिळून जोडा’ हाही सल्ला मिळतो. तसं केलं की एका यंत्राचं आउटपुट दुसऱ्याचा सिग्नल खाली ओढतं. प्रत्येक वाटेवरचा 10 किलोओहम त्यांना वेगळं ठेवतो. नुसत्या दोन रेझिस्टन्सवर मिसळलं तर प्रत्येक सिग्नल निम्मा होतो, हे मात्र खरं. म्हणून पुढे 4558 आयसी. तिच्या 2 नंबरच्या पायावर सगळे सिग्नल एकत्र येतात, पण तो पाय सिग्नलपुरता जवळजवळ शून्यावर राहतो; त्यामुळे पेटी कमी केली तरी बुवांचा आवाज हलत नाही. आवाज किती वाढणार हेही एकटी आयसी ठरवत नाही. फीडबॅकला 100 किलोओहम आणि इनपुटला 10 किलोओहम, म्हणजे दहापट.

9 व्होल्टच्या बॅटरीवरचे दोन सारखे रेझिस्टन्स बॅटरी वाचवायला नसतात. ते 4.5 व्होल्टचा मध्य तयार करतात. तो नसेल तर लाटेची खालची बाजू कापली जाऊन आवाज फाटतो.

राहिली गुणगुण. पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर फक्त सप्लायमधून येणारी गुणगुण घालवतो. मिक्सर बॅटरीवर चालवून बघा. तरीही गुणगुण राहिली, तर माइकची पिन उघडा आणि वायरची जाळी सोल्डरपासून सुटलीय का ते पाहा.