बारा व्होल्टांना जाड वायर कशाला?

“१२ व्होल्टानं काय होते जी?” अकोल्यात मावसभावाकडे मेकॅनिक वायर सोलता सोलता म्हणाला. मे महिना, पारा ४५ च्या पुढे, लाइन कधी जाईल नेम नाही. दुसरी बॅटरी आणली, दोन्ही जिन्याखाली सरकवल्या, इन्व्हर्टरची मूळची केबल पुरेना. मग बोअरच्या मोटारीची उरलेली ४ स्क्वेअरची, म्हणजे ४ चौरस मिलिमीटरची, वायर जोडली. पंधरा मिनिटांत तिचा हाताला चटका बसू लागला, पाठोपाठ प्लास्टिक जळल्याचा वास.

१२ व्होल्टांचा शॉक बसत नाही, हे खरंच. पण वायर तापते ती अँपिअरनं. कूलर, पंखे, टीव्ही मिळून ८०० वॅटचा भार धरा. २३० व्होल्टांवर तो साडेतीन अँपिअर ओढतो. बॅटरीच्या बाजूला, इन्व्हर्टरमधली घट धरून, ७५ च्या आसपास. वायरीतली उष्णता वाढते ती प्रवाहाच्या वर्गानं. जाऊन-येऊन ३ मीटर भरणाऱ्या त्या तांब्याच्या वायरीत जवळपास १ व्होल्ट आणि ७५ वॅट खर्ची पडत होते. म्हणजे एक पंखा वायरीतच फिरत होता म्हणा! २५ स्क्वेअरच्या केबलमध्ये हाच खर्च १२ वॅट. साध्या पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्यातले ४५ हवाच घेऊन बसते.

चिमटीत कापूस ओढून धाग्याची लांबी सांगणारी माणसं वऱ्हाडात आहेत. वायर मात्र वरच्या रंगावर घेतात. एक तार चाकूनं खरवडून पाहावी. आत पांढरं निघालं तर तो तांब्याचा मुलामा दिलेला अ‍ॅल्युमिनियम, रोध तांब्याच्या दीडपट.

दोन बॅटऱ्यांच्या समांतर जोडणीत, म्हणजे धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडताना, आणखी एक खोच आहे. इन्व्हर्टरच्या दोन्ही केबली एकाच बॅटरीवर कसल्या, तर तीच जास्त राबते आणि लवकर बसते. धन केबल पहिलीवर, ऋण दुसरीवर, अशी तिरपी जोडणी केली की भार सारखा वाटला जातो. जुनी आणि नवी बॅटरी मात्र एकत्र नांदत नाहीत.

आता तिथं २५ स्क्वेअरची केबल आहे, टोकांना दाबून बसवलेले लग, त्यांवर पेट्रोलियम जेली, आणि धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज. ४ स्क्वेअरचा धड उरलेला तुकडा अमरावतीला आमच्या बोअरच्या मोटारीला लावलाय. २३० व्होल्टांवर तासभर मोटार चालली तरी तो गारच असतो.