सिनेमा डोक्यावर घेण्याआधी

मागच्या एका रविवारी घाटकोपरला एका मित्राच्या घरी आम्ही आठ-दहा जण जमलो होतो. वंदना झाली, चहा झाला आणि विषय सिनेमावर गेला. कोणाचा आवडता सिनेमा कोणता आणि कोणता सिनेमा लोकांनी उगाच डोक्यावर घेतला, यावर अशी जुंपली की दुपारचे जेवण चार वाजता झाले. चळवळीच्या माणसांना हे उद्योग कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. आपली मुले आज पडद्यावरूनच जग शिकतात. त्या पडद्यावर आपला माणूस कसा उभा केला जातो, हे आपण पाहायचे नाही तर कोणी पाहायचे?

आमच्यातले एक निवृत्त शिक्षक 'सुजाता'चे चाहते. बिमल रॉय यांचा हा सिनेमा १९५९ सालचा. नूतनच्या अभिनयाबद्दल आमचेही दुमत नाही. पण अस्पृश्य घरातली सुजाता आईसमान बाईला स्वतःचे रक्त देते, तेव्हा कुठे त्या घराला ती आपली वाटते. म्हणजे माणूस ठरण्यासाठी आधी रक्ताची बाटली भरून द्यायची! तीनच वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांसोबत लाखो माणसांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली होती. त्यांनी कोणाकडे मान्यता मागितली होती काय?

त्याच्याही मागे जा. १९३६ साली आपल्याच उपनगरात, मालाडच्या बॉम्बे टॉकीजने 'अछूत कन्या' काढला. त्यातली कस्तुरी शेवटी रेल्वेखाली जीव गमावते. त्याच वर्षी मे महिन्यात दादरला बाबासाहेब आपल्या माणसांना धर्मांतराचा विचार सांगत होते. एकाच शहरात, एकाच वर्षी, मालाडचा पडदा अस्पृश्याच्या मरणावर अश्रू ढाळत होता आणि दादरचा मंडप जगण्याचा मार्ग शोधत होता.

तरुण मंडळींनी 'लगान' पुढे केला. २००१ सालचा हा सिनेमा देशाने डोक्यावर घेतला. त्यात कचरा संघात येतो, बळीही घेतो. पण त्याच्या वतीने बोलतो भुवन. कचराचे कौशल्य कशात, तर अधू हातामुळे चेंडू वळतो यात. त्याचे म्हणणे काय, हे गावाने विचारले नाही आणि सिनेमानेही विचारले नाही. उलट नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या शेवटी दगड उचलतो आणि तो थेट आपल्याच दिशेने येतो. तो दगड मारायचा निर्णय जब्याचा स्वतःचा आहे.

आम्ही वकील, म्हणून आमचे मत 'कोर्ट'ला. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमाला २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गटारात उतरणाऱ्या कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप शाहीर नारायण कांबळेवर ठेवला जातो. तारखांमागून तारखा पडतात. मृताची बायको साक्षीला उभी राहते आणि तिच्या साध्या उत्तरांतून कळते की त्या माणसाला सुरक्षेचे साधनसुद्धा नव्हते. ती साक्ष पाहताना आम्हाला आमचे रोजचे कोर्ट दिसले.

आमचे भाषण ऐकून एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काका, कॅमेरा बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकील बाईंच्या स्वयंपाकघरात जातो, न्यायाधीशांच्या सहलीलाही जातो. खटला चालू असताना शाहिराच्या घरी काय चालले होते, ते तुम्हाला माहीत आहे का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार हे नागपूरचे खरे कार्यकर्ते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. त्यांच्या चेहऱ्यानेच आम्ही भारावलो आणि पुढचा प्रश्न विचारायचा विसरलो. खरे सांगायचे तर आमच्याही टेबलावर अशील फाईल बनूनच येतो. त्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटली की नाही, हे आम्ही किती वेळा विचारले?

एक ताई मात्र इतका वेळ गप्प होत्या. त्या रमाबाई नगरच्या. ११ जुलै १९९७ रोजी तिथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडला आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण करून 'जय भीम कॉम्रेड' केला. ताई एवढेच म्हणाल्या, "तो आम्ही आवडता-नावडता म्हणून पाहतच नाही. त्यात आमची माणसे शोधतो."

त्यानंतर वाद थांबला. आमचे निकालपत्र असे: जो सिनेमा आपल्यावर दया करतो, त्याला टाळी देण्याआधी थांबा. त्यात आपल्या माणसाचा निर्णय कोण घेतो, ते पाहा. आणि आपला वाटणाऱ्या सिनेमालाही हाच प्रश्न विचारा. वस्तीवस्तीत, विहाराविहारात असे वाद झाले पाहिजेत. मोठ्यांनी त्यात बोलावेच, पण कॉलेजच्या मुलीला आधी बोलू द्यावे.